सगळ्यांचे मोबाईल सांभाळत काठावर

पत्र थोडक्यात असं:

भांडुपहून एका मैत्रिणीनं लिहिलंय. वय ४६, नोकरी, घरी नवरा आणि अकरावीतली मुलगी. दिवाळीच्या सुट्टीत नणंदेचा बारा वर्षांचा मुलगाही राहायला येणार आहे. भाऊबीजेनंतरच्या रविवारी 'मिस्टरां'नी बेत आखलाय: पहाटे निघायचं, तिकोना चढायचा, उतरल्यावर पवनेच्या पाण्यात मनसोक्त पोहायचं, कामशेतला मटण थाळी हाणायची आणि रात्री घरी. गेल्या वर्षी हाच बेत मिस्टरांच्या मित्रमंडळींबरोबर झाला होता. गड चढायला बाईंना आवडतं. त्या दिवशी सगळ्यांत आधी वर त्याच पोहोचल्या. पण त्यांना पोहता येत नाही. त्यामुळे खाली आल्यावर दीड तास त्या सहा मोबाईल, दोन गाड्यांच्या किल्ल्या आणि ढीगभर कपडे सांभाळत काठावर बसल्या. मिस्टर इतके आत गेले की त्यांचं डोकं नारळाएवढं दिसायला लागलं. बाईंनी घाबरून हाका मारल्या, तर सगळे हसले. परतताना घाटात गाड्या तुंबलेल्या आणि गाडीत भांडण. 'तू भित्री, पोरीलाही भित्री करून ठेवशील,' हे वाक्य त्या वर्षभर विसरलेल्या नाहीत. मिस्टर संगमेश्वराकडचे, विहिरीत पोहून मोठे झालेले. यंदा दोन्ही मुलांना 'खऱ्या पाण्यात' पोहायला शिकवायचं त्यांनी ठरवलंय. बाईंचे प्रश्न तीन. मी खरंच भित्री आहे का? मी गेलेच नाही तर सगळ्यांचा दिवस चांगला जाईल का? आणि जायचंच असेल, तर गड, पोहणं आणि बाहेरचं जेवण हे सगळं एका दिवसात जमेल असं एखादं सुरक्षित तळं मुंबईजवळ सुचवाल का?

प्रिय मैत्रीण,

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत छोटं, म्हणून तेच आधी देते. नाही सुचवणार.

आपल्याकडच्या तळ्यांचा जन्मच वेगळ्या कामासाठी झालेला आहे. विहार १८६० मधलं, तुळशी १८७९ मधलं. दोन्ही मुंबईची तहान भागवायला बांधली. पवई १८९१ ची. तिचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही आणि आता तिथे मगरी सुखानं नांदतात. तुम्ही तर भांडुपच्या. शहराचं पाणी जिथे शुद्ध होतं त्या संकुलाच्या शेजारी राहता, तुम्हाला मी हे काय सांगायचं! माथेरानचं शार्लोट लेक फोटोत कितीही गोड दिसलं तरी ती माथेरानकरांची पाण्याची टाकी आहे. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. देवळापुढच्या तळ्यांत स्नान होतं, दीपोत्सव होतो, पण हात मारत पैलतीर गाठायला ती कोणी खोदली नाहीत. गड उतरून थेट पाण्यात उडी घ्यायची, हे दृश्य पडद्यावर फार छान दिसतं. आपल्या काठांवर मात्र शिट्टी गळ्यात अडकवून तुमच्या मुलांवर नजर ठेवणारं कोणी बसलेलं नसतं.

मग आपली माणसं पोहायला शिकली कुठे? तुमचे मिस्टर शिकले तिथेच. विहिरीत.

माझं माहेर वाईकडचं. आमच्याकडे पाठीला सुका भोपळा बांधायचे, भोपळा नसेल तर तेलाचा रिकामा डबा. दोन-चार दिवस डबा, मग एक दिवस चुलतभाऊ डबा सोडवायचा आणि न सांगता ढकलून द्यायचा. नाकातोंडात पाणी, वर हशा, आणि आठवड्याभरात पोरगं बेडकासारखं पोहायला लागायचं. तुमच्या मिस्टरांच्या डोक्यातलं 'खरं पाणी' हेच असणार, आणि त्याची ओढ मला पुरेपूर कळते. भांडुपमध्ये वीस-पंचवीस वर्षं लोकलला लटकून काढलेल्या माणसाला एक दिवस पाण्यावर उताणं पडून आभाळ बघावंसं वाटलं, तर त्याला हट्टी म्हणून मोकळं होऊ नका.

पण त्या विहिरीवर आणखी एक माणूस असायचा, आणि आठवणीतून नेमका तोच गळतो. आमच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं त्या विहिरीकाठच्या दगडी कुंडीवर, अण्णाकाका पाय सोडून बसलेले असायचे, हातात बैलाचा कासरा. काका स्वतः पाण्यात उतरल्याचं मला आठवत नाही; त्यांना पोहता येत होतं की नाही, देव जाणे. पण काका आले नसतील तर पोहणं नाही, हा नियम होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. ते मोजत असायचे. किती डोकी आत गेली, किती वर आली. त्यांना कधी कोणी भित्रं म्हटलं नाही.

आता तुमचं पत्र तुम्हीच एकदा परत वाचा. गेल्या वर्षी तुम्ही बसला होतात ती जागा काकांचीच होती. काम तेच करत होतात: लांब गेलेलं डोकं मोजत होतात. फक्त तुमच्या हातात कासऱ्याऐवजी सहा मोबाईल दिलेले होते, आणि तुम्ही हाक मारलीत तेव्हा ती मानायची असते हे कोणी आधी ठरवलेलं नव्हतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. घसाऱ्याच्या वाटेनं आणि तिकोन्याच्या त्या उभ्या, उंच पायऱ्यांनी जी बाई सगळ्यांच्या आधी वर पोहोचते, तिला भित्री म्हणायला जरा जास्तच धाडस लागतं.

माझ्याही वाट्याला ही जागा एकदा आली होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही दहा-बारा जण एका किल्ल्यावरून उतरून धरणावर गेलो. मोबाईल नव्हते, घड्याळं होती. माझ्या दोन्ही मनगटांवर मिळून पाच. मुलं पाण्यात, आम्ही मुली काठावर भेळ कालवत होतो. आमच्यातला सगळ्यांत चांगला पोहणारा मुलगा काठापासून फार तर वीस हातांवर होता. त्यानं हाक मारली नाही, हात हलवले नाहीत. मान मागे टाकून तोंड उघडं ठेवून तो उभ्याउभ्या खाली-वर होत होता, आणि आम्हाला वाटलं, नकला करतोय. शेजारी म्हशी धुणाऱ्या एका म्हाताऱ्या गुराख्याला मात्र बरोबर कळलं. तो कमरेएवढ्या पाण्यात गेला, त्याहून पुढे नाही, आणि हातातली लांब काठी पुढे केली. पोटरीत गोळा आला होता, एवढंच. मुलगा वाचला. त्या दिवशी भेळ कोणी खाल्ली नाही.

त्या गुराख्याकडून शिकलेलं तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहून ठेवते. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो आणि त्याच्याकडे नेमका तोच नसतो. हात वर करून 'वाचवा, वाचवा' हे सिनेमात. खऱ्या पाण्यात हात खाली पाणी दाबत असतात, डोळे कुठेच बघत नसतात, आणि मिनिटाच्या आत सगळं संपू शकतं. त्याला धरायला दुसऱ्यानं उडी मारली तर तो त्या दुसऱ्यालाच शिडी करून वर चढायला बघतो. एकाच्या मागे दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशाच घडतात. म्हणून आधी काठी, दोर, ओढणी, साडी, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते पुढे करायचं किंवा फेकायचं.

आता पवनेकडे वळते, कारण तुमच्या मिस्टरांची विहीर आणि हे धरण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विहिरीला भिंत असते, खोली वर्षानुवर्षं गावाला तोंडपाठ असते, आणि कुठूनही चार हात मारले की कड लागते. धरण म्हणजे बुडालेलं खोरं. खाली शेतं आहेत, बांध आहेत, झाडांचे बुंधे आहेत, जुन्या विहिरीही असू शकतात. दिवाळीत धरण काठोकाठ असतं, म्हणजे तुम्ही ज्या काठावर चटई टाकाल त्याच्या पुढच्या पाण्याखाली उन्हाळ्यात गुरं चरत होती. एक पाऊल बांधावर पडतं, पाणी गुडघ्याएवढं. दुसरं पाऊल बांधाच्या पलीकडे, आणि पाणी डोक्यावरून. तळाला गाळ. वरचं हातभर पाणी उन्हानं कोमट, त्याखालचं गार; त्या गारव्यानं श्वास अडकतो. मासेमारीची जाळी असतात ती वेगळीच. पाण्यावरून अंतराचा अंदाजही हमखास चुकतो: समोरचा काठ 'हा काय इथेच' वाटतो आणि अर्ध्यात दम संपतो. विहिरीत तरबेज असलेल्या माणसाला यातलं काहीच शिकवलेलं नसतं, आणि तरबेज असल्यामुळेच तो आत जातो. मनाईच्या पाट्या असतात, त्या गंमत म्हणून लावलेल्या नसतात.

धबधबे आणि वाहतं पाणी हा याहून वेगळा विषय, पण त्याबद्दल एक ओळ लिहिल्याशिवाय राहवत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती पोहत नव्हती. नुसती उभी होती.

मला सगळ्यांत जास्त खटकतो तो बेताचा क्रम. आधी गड, मग पोहणं. तिकोना काही फार मोठा नाही, तासा-दीड तासात माणूस वर जातो. पण त्या पायऱ्या उतरताना मांड्या थरथरतात, घाम गेलेला असतो, पाणी कमी प्यायलेलं असतं. पोटरीत गोळा यायला याहून चांगली तयारी नाही. जमिनीवर गोळा आला तर आपण बसतो आणि अंगठा ओढतो. पाण्यात बसायला जागा नसते. 'भरल्या पोटी पोहू नये' असं आपल्या आया सांगायच्या. पोट जड होतं हे खरं, पण त्याहून कितीतरी मोठा धोका दमलेल्या पायांचा आणि पोटातल्या दारूचा आहे. मित्रमंडळींच्या सहलीत ही दुसरी गोष्ट किती असते ते तुम्हाला ठाऊक. पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मीही पुढे जाते.

शिवाय घड्याळ बघा. भांडुपहून शंभराच्या वर किलोमीटर. साडेपाचला निघालात, वाटेत चहा-नाश्ता झाला, तर साडेआठ-नऊला तिकोनापेठेत. चढून, वर तासभर बसून उतरेपर्यंत साडेबारा. एक वाजता, ऐन उन्हात, दमून पाण्यात. तीनला जेवण. चारला निघालात की रविवार संध्याकाळचा बोरघाट, जो गेल्या वर्षी तुम्ही भोगलाय. तीन सुखं एका दिवसात कोंबली की प्रत्येकाच्या वाट्याला पुढच्याची घाई येते, आणि घाईत भांडणं होतात. तुमचं गाडीतलं भांडण निम्मं तरी त्या ट्रॅफिकनं लावलं होतं, असा माझा संशय आहे.

आता एक प्रश्न माझा तुम्हाला. दोन पानी पत्रात मिस्टरांचं म्हणणं आहे, तुमचं आहे, मित्रांच्या हसण्यापर्यंत सगळं आहे. तुमच्या मुलीचं एकही वाक्य नाही. तिला पोहायचंय का? तिला किती पोहता येतं? गेल्या वर्षी ती त्या काठावर काय करत होती? सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला अनोळखी पुरुषांच्या घोळक्यांसमोर ओल्या कपड्यांत बाहेर यावं लागतं, कपडे बदलायला आडोसा नसतो, आणि आजूबाजूला प्रत्येक हातात कॅमेरा असतो. तिच्या मनात हे असेल आणि ती बोलत नसेल, किंवा तिला काहीच वाटत नसेल आणि उडी मारायची घाई असेल. दोन्ही शक्य आहे. कदाचित तुमच्या भीतीतही हा भाग थोडा असेल, जो 'बुडेल' या शब्दाखाली झाकला जातोय. तिला विचारा, तेही बाबांसमोर नाही. आणि एक आठवण: ओली सलवार आणि ओढणी पाण्यात अंगाला वेढे घालते. शिकायचं तर पोहण्याचे कपडे हवेत, आणि ते घालून मोकळं वाटेल अशी जागा हवी.

अशी जागा तुमच्यापासून दोन स्टेशनांवर आहे. मुलुंडला कालिदासच्या आवारात पोहण्याचा तलाव आहे. महापालिकेच्या तलावांवर, विशेषतः उन्हाळ्याच्या सुट्टीत, २१ दिवसांची शिकवणी शिबिरं भरत आली आहेत. मुलीचं आणि भाच्याचं पोहणं तिथे सुरू होऊ द्या. जाताच आहात तर बायकांची वेगळी वेळ कोणती तेही विचारून या. तुमच्यासाठी. ४६ हे पोहायला शिकण्याचं अगदी चांगलं वय आहे; मी ५१ व्या वर्षी शिकले, आणि पहिले चार दिवस कठड्याला घोरपडीसारखी चिकटून होते. (माझा भोपळा थर्माकोलचा होता.)

पण मिस्टरांच्या 'खऱ्या पाण्या'चं काय? क्लोरीनच्या वासात त्यांचं समाधान होणार नाही, हे मला मान्य आहे. दिवाळीची सुट्टी आहेच, मग पवनेऐवजी त्यांच्या गावी का जात नाही तुम्ही? कोकण रेल्वेनं संगमेश्वर रोडला उतरा, तीन दिवस राहा, आणि ज्या विहिरीत ते शिकले ती मुलांना दाखवू द्या. तिथे ते एका रविवारचे पर्यटक नसतील. पाण्याची खोली, पायऱ्या, कुठला दगड हलतो, हे सांगणारी चार माणसं असतील. दोन खबरदाऱ्या मात्र आता घ्यायला हव्यात, ज्या त्यांच्या लहानपणी नव्हत्या. विहिरीवर विजेची मोटार असेल तर ती बोर्डावरून बंद करा आणि बंदच राहील असं एकाला बजावा. खराब वायरीमुळे पाण्यात करंट उतरून माणसं गेली आहेत. आणि वर्षानुवर्षं न वापरलेल्या, झाकलेल्या विहिरीत कोणीही उतरायचं नाही, आत हवा विषारी असू शकते. मुलांना अंगाला घट्ट बसणारं लाईफ जॅकेट घाला. हवा भरायची रंगीत ट्यूब हे खेळणं आहे, तिच्यावर जीव टाकू नका.

हे त्यांच्याशी बोलायचं कसं, ते तुम्ही विचारलेलं नाही, पण खरी अडचण तीच आहे असं मला वाटतं. पाण्याच्या काठावर 'नको' म्हणू नका. तिथे कपडे उतरलेले असतात, मित्र बघत असतात, आणि कुठल्याही नवऱ्याला माघार घेता येत नाही. बोलायचं ते आठवडाभर आधी, घरी, जेवण झाल्यावर. आणि भीतीपासून सुरुवात करू नका, त्यांच्या विहिरीपासून करा. विचारा: 'तुम्ही शिकलात तेव्हा वर दोर धरून कोण बसायचं?' कोणीतरी असणारच. काका, आजोबा, वाडीतला एखादा दादा. त्यांना बोलू द्या. पुरुष या विषयावर तास-तास बोलतात. मग म्हणा, 'यंदा ते काम मी करणार. दोर माझ्या हातात. मी हाक मारली की बाहेर यायचं, कारण विचारायचं ते बाहेर आल्यावर. आणि मुलं धरणात उतरणार नाहीत, ती तुमच्या विहिरीत शिकतील.' भिऊन गयावया करणारी बायको आणि दोर धरलेली बायको, दोघींचं म्हणणं एकच असलं तरी ऐकणाऱ्याच्या कानाला ते वेगळं लागतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता तुमचं तुम्हालाच देता येईल. तुम्ही गेला नाहीत तर दिवस कदाचित हसतखेळत जाईल, पण काठ रिकामा राहील. मुलं बरोबर असताना तो रिकामा नसावा. पोरं नसतील, नुसते चार बाप्ये मित्र जाणार असतील, तर मात्र घरी बसून निवांत पुस्तक वाचायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि एवढं सगळं बोलूनही मिस्टर स्वतः पाण्यात उतरणारच असतील तर? प्रौढ माणूस आहेत, त्यांचे पाय काही मी बांधू शकत नाही. मग निदान अटी घाला. मनाईची पाटी असेल तिथे नाही. गड चढलेल्या दिवशी नाही. एकट्यानं नाही, थेंबभरही पिऊन नाही. आत सरळ जायचं नाही, काठाला समांतर पोहायचं, छातीएवढ्या पाण्यापासून चार हातांच्या आत. कमरेला दोरीनं बांधून मागे तरंगत ठेवायचा एक नारिंगी फुगा खेळाच्या दुकानांत मिळतो. दम लागला तर त्याला मिठी मारायची, आणि तुम्हालाही डोकं नारळाएवढं झालं तरी दिसत राहतं. भोपळाच तो, नव्या अवतारातला. त्यांना तसंच सांगा, पटेल. तुमच्या पिशवीत पंधरा-वीस मीटरचा दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन असू द्या. दोराचं एक टोक कॅनच्या कडीला, दुसरं तुमच्या हातात. घराखालच्या मोकळ्या जागेत दोनदा फेकून बघा, पहिल्यांदा हमखास वाकडा जातो. मोबाईल सगळे गाडीत कुलूपबंद, एक सोडून. त्यावर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगायचं नाही, पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही. लगेच तोंडानं श्वास द्यायचे आणि छाती दाबायला लागायचं. हे वाचून येत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात एक सकाळ घालवलीत तर येतं.

राहता राहिला तो रविवार. तो मोडू नका, हलका करा.

पवना बघायची खरी जागा तिकोन्याचा माथा आहे. समोर तुंग, पलीकडे लोहगड-विसापूर, मध्ये ते निळं पाणी. दिवाळीच्या सुमारास हवा धुतल्यासारखी असते. वाटेत चपेटदान मारुती, वर महादेवाचं देऊळ, आणि तिथे डबा उघडून तासभर बसायचं. उतरून कामशेतला जेवा आणि तीनच्या आत घाट गाठा. पोहणं वजा केल्यावर एवढा वेळ हातात राहतो.

मुलांना लांबचा प्रवास नको असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत सकाळी चालत जा. सहा-सात किलोमीटर होतात. लेण्यांशेजारी खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढी मुलांना दाखवा. डोंगरावरचं पावसाचं पाणी कसं अडवलं होतं हे बघण्यात भाच्याचा अर्धा तास मजेत जाईल. सोमवारी मात्र जाऊ नका, बंद असतं.

आणि माझी स्वतःची निवड विचाराल तर कर्जतकडचा कोथळीगड, लोक ज्याला पेठचा किल्ला म्हणतात. सकाळची कर्जत लोकल, स्टेशनवर गरम बटाटेवडे, पुढे पायथ्याच्या आंबिवली गावापर्यंत गाडी. तासाभराच्या चढावर पेठ गाव, आणि त्यावर तो सुळका, ज्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्यांनी वर जायचं. बारा वर्षांच्या मुलाला याहून जास्त काही लागत नाही. तळं नाही, त्यामुळे काठही नाही. त्या दिवशी तुम्हाला कोणाचं डोकं मोजायचं नाही, पुन्हा सगळ्यांच्या आधी वर पोहोचायला मोकळ्या. उतरताना पेठेतल्या एखाद्या घरी जेवा. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, सांगितलं असेल तर कोंबडी. फक्त चढतानाच सांगून ठेवा किती जण आहात ते, आणि भाचा किती भाकऱ्या खातो याचा अंदाज घेऊन दोन जास्तच सांगा.